टर्बो गाडीला जादा पेट्रोल पोचवायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

ज्याने शेतात ठिबक घातलंय त्याला गाडीची इंधनव्यवस्था समजायला दहा मिनिटं पुरतात. विहिरीवरची मोटर म्हणजे टाकीतला पेट्रोलपंप. फिल्टर म्हणजे फिल्टरच. सबमेन म्हणजे इंजिनावरची फ्युएल रेल, आणि ड्रिपर म्हणजे इंजेक्टर. शेवटच्या ओळीतली झाडं सुकायला लागली की जाणता शेतकरी मोठे ड्रिपर आणायला धावत नाही. तो आधी फिल्टर धुतो, मग गेजवर प्रेशर बघतो, मग मोटर किती पाणी टाकते ते बघतो. टर्बो गाड्यांच्या नादात मात्र हा क्रम उलटा होतो. ताकद वाढवायची ठरलं की पहिली खरेदी मोठ्या इंजेक्टरची, आणि प्रेशर कुणी मोजलेलंच नसतं. हा उलटा क्रम मला खटकतो, कारण त्यात चांगली इंजिनं जातात.

बोलायला एक खरी गाडी समोर असलेली बरी. औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडा ऑक्टाविया जोडली जाऊ लागली. तिचाच टर्बो पेट्रोल अवतार म्हणजे ऑक्टाविया आरएस. १७८१ सीसीचं, वीस व्हॉल्व्हचं १.८ टर्बो इंजिन, आपल्याकडे १५० एचपीचं. पुण्यामुंबईत आजही या गाड्या जिवापाड सांभाळणारे लोक आहेत. याच इंजिनाच्या १८० एचपीच्या आणि त्याहून जोरकस आवृत्त्याही निघाल्या, त्यामुळे यात काय वाढवता येतं आणि काय मोडतं याचा अनुभव जगभर साचलेला आहे. शिवाय हे पोर्ट इंजेक्शनचं इंजिन आहे. इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागे, हवेच्या वाटेवर पेट्रोल फवारतो. घरी हात घालता येईल अशी व्यवस्था हीच.

नव्या टीएसआय किंवा तत्सम गाड्यांचं तसं नाही. त्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा पंप दीडशे-दोनशे बार प्रेशर तयार करतो, आणि त्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत घुसू शकते. ते घरी उघडायचं काम नव्हे. इथून पुढे जे लिहितोय ते सगळं पोर्ट इंजेक्शनबद्दल.

पेट्रोल जादा का लागतं

टर्बो हवा कोंबतो. १.२ बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी १.२ बार, म्हणजे इंजिनात जाणारी हवा जवळजवळ दुप्पट. दाबल्यामुळे हवा तापते आणि विरळ होते, म्हणून नेमकी दुप्पट नाही, पण हिशेब त्याच घरात. हवा वाढली की तिच्या प्रमाणात पेट्रोल वाढलंच पाहिजे.

शुद्ध पेट्रोलच्या १ ग्रॅमला पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. शांतपणे चालवताना ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, हेच प्रमाण राखतो. पूर्ण बूस्टवर मात्र हवा कमी, पेट्रोल जास्त असं ठेवतात, साधारण ११.५ ते १२.२ ला १. हे जादा पेट्रोल ताकदीसाठी म्हणाल तर थोडंच, खरं काम थंडाव्याचं. पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं, आणि ज्वलनाचं तापमान आटोक्यात राहतं. तो थंडावा कमी पडला की ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आतच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. बूस्टवरचं नॉकिंग पिस्टनच्या डोक्यावर हातोडा मारल्यासारखं असतं. रिंगांमधल्या कडा तुटतात, पिस्टन वितळतो, आणि हे काही सेकंदांत होऊ शकतं. गाडी तोवर मस्त ओढत असते. ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट, कारण ड्रायव्हरला सावध करणारं काही जाणवतच नाही.

आधी गणित

टर्बो पेट्रोल इंजिन एका एचपीमागे तासाला अंदाजे २५० ग्रॅम पेट्रोल घेतं. लिटरच्या भाषेत मिनिटाला सुमारे ५.६ सीसी. हा एक आकडा लक्षात ठेवला तर बाकीचं पाढ्यांवर येतं.

मूळ १५० एचपीला लागतात मिनिटाला ८४० सीसी. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी २१०. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो, फार तर ८० टक्के वेळ. म्हणून २१० ला ०.८ ने भागायचं, म्हणजे साधारण २६३ सीसीचा इंजेक्टर हवा. या इंजिनात कंपनीचे इंजेक्टर तीन बारला तीनशेच्या थोडे वर जातात. ३१५ धरले, तर तेच इंजेक्टर शुद्ध पेट्रोलवर १८० एचपीपर्यंत पुरतात. नुसता ईसीयूचा मॅप, म्हणजे त्याच्यात भरलेले आकडे, बदलून तेवढ्यावर थांबणाऱ्याला शुद्ध पेट्रोलवर इंजेक्टर बदलायची गरजच नाही.

आता समजा मोठा टर्बो बसवून २४० एचपी गाठायचे आहेत. २४० गुणिले ५.६ म्हणजे १३४४. चाराने भागले तर ३३६, ०.८ ने भागले तर ४२० सीसी. हिशेब इथे संपला असता, पण आपल्या पंपावर मिळतं ते शुद्ध पेट्रोल नाही. २०२५ पर्यंत देशभर ई२० आलं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला ९ पट हवा पुरते, त्यामुळे ई२० चं प्रमाण १४.७ वरून १३.५ च्या आसपास उतरतं. सरळ अर्थ असा की तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जादा इंधन लागतं. आपले ४२० सीसी झाले ४५५. परदेशातल्या माहितीवर विसंबून कुणी ४४० सीसीचे इंजेक्टर मागवले असतील, तर ई२० वर ते तोकडे पडतात. ५०० ते ५५० च्या मधले घ्यावेत. इथेनॉलच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ते नॉकिंग थोपवतं आणि पेट्रोलपेक्षा जास्त थंडावा देतं. टर्बो इंजिनाला ते मानवतं, फक्त पोट जरा मोठं लागतं.

प्रेशर, आणि बोटभर लांबीची एक नळी

या लेखातला एकच भाग नीट वाचणार असाल तर हा वाचा.

रेलवर एक रेग्युलेटर असतो. पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल आणतो, रेग्युलेटर ठरलेलं प्रेशर राखून उरलेलं टाकीत परत पाठवतो. आपल्या उदाहरणात हे प्रेशर तीन बार. पण कशापेक्षा तीन बार? इंजेक्टरचं तोंड मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत असतं. तिथे १.२ बार बूस्ट असेल तर ती हवा इंजेक्टरच्या तोंडावर उलटी दाबते. रेलमध्ये तीनच बार राहिले तर इंजेक्टरच्या वाट्याला उरले १.८. म्हणून रेग्युलेटरच्या डोक्यावर मॅनिफोल्डमधून आलेली रबरी नळी जोडलेली असते. बूस्ट वाढला की तो नळीतून रेग्युलेटरमधल्या पडद्यावर दाबतो आणि रेलचं प्रेशर तेवढंच चढतं. ३ अधिक १.२, म्हणजे ४.२. इंजेक्टरला फरक कायम तीनचाच मिळतो.

आता ती नळी चिरली किंवा निसटली असं धरा. फरक तीनवरून १.८ वर आला. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळात बदलतो, तेव्हा तो सुमारे २२ टक्क्यांनी घटला. १२ ला १ असलेलं मिश्रण साडेपंधरा ला १ झालं, तेही भर बूस्टवर. साध्या चालवण्यात ईसीयू सेन्सर बघून भरपाई करत राहतो, म्हणून ट्रॅफिकमध्ये काही कळत नाही. पहिल्यांदा मोकळा रस्ता मिळतो आणि पाय खाली जातो तेव्हा इंजिन जातं. वीस वर्षांच्या गाडीतली ती रबरी नळी गरम इंजिनावर भाजून कडक झालेली असते. हाताने वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला, दोन्ही टोकांना क्लिप लावा. आपल्या गाडीत रेग्युलेटर रेलवर आहे की टाकीजवळ फिल्टरमध्ये, हेही आधी बघून ठेवा. सगळ्या गाड्यांची मांडणी एक नसते.

हे तपासायला रेलवर प्रेशर गेज लागतो. इंजिन बंद आणि पंप चालू असताना ३ बार, आयडलवर मॅनिफोल्डमध्ये निर्वात असल्यामुळे २.४ च्या आसपास, आणि आयडलवर नळी काढून तोंड बंद केलं की परत ३. एवढं जमलं तर रेग्युलेटर शाबूत.

याच वर्गमुळातून एक स्वस्त उपायही निघतो. तीन बारच्या जागी चार बारचा रेग्युलेटर बसवला तर तेच इंजेक्टर सुमारे १५ टक्के जास्त देतात. ३१५ चे ३६३ झाले, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या हिशेबात १८० ऐवजी २०७ एचपी. या इंजिनाच्या चाहत्यांत हा उपाय फार जुना आहे. पण पंपाला आता जास्त प्रेशरविरुद्ध ढकलायचं असतं, तेव्हा तो कमी पेट्रोल आणतो, आणि ईसीयूला हा बदल मॅपमधून सांगावा लागतो. विहीर खोल झाली की तीच मोटर कमी पाणी देते, तसंच.

पंप: विकत घेण्याआधी मोजा

२४० एचपीला ई२० धरून तासाला नव्वद लिटरच्या आत पेट्रोल लागतं. बाजारात सर्रास सुचवला जातो तो २५५ लिटरचा पंप. हा आकडा कमी प्रेशरला आणि पूर्ण व्होल्टेजला मोजलेला असतो, ४.२ बारला तो बराच खाली येतो, तरीही गरजेच्या कितीतरी वर राहतो. मग पंप बदलायचा का? माझं उत्तर असं: क्षमता कमी म्हणून बदलायची वेळ क्वचित येते, म्हातारा झाला म्हणून बदलायची वेळ हमखास येते. आणि उगाच दुप्पट मोठा पंप टाकला तर जादा पेट्रोल रेलमधून गरम होऊन टाकीत परतत राहतं. त्यात बारीक रिटर्न पाइपला ते झेपलं नाही, तर आयडलवर प्रेशर खाली उतरतच नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. उघड्यावर, इंजिन थंड असताना, रेग्युलेटरमधून टाकीकडे जाणारी रिटर्नची नळी सोडून पेट्रोलसाठीच बनवलेल्या, जमिनीवर ठेवलेल्या कॅनमध्ये घाला. रेग्युलेटरच्या डोक्यावरच्या तोंडाला गेजवाला सायकलचा पंप जोडा आणि १७ पीएसआयपर्यंत हवा भरा. १७ पीएसआय म्हणजे जवळपास १.२ बार. रेग्युलेटरला वाटेल की गाडी बूस्टवर आहे, आणि रेलचं प्रेशर ४.२ होईल. आता पंप तीस सेकंद चालवा. आपल्या २४० एचपीच्या हिशेबात थोडी गंगाजळी ठेवून कॅनमध्ये निदान ९०० सीसी यायला हवेत. इंजिन बंद असल्याने व्होल्टेज कमी असतं. अशा अवस्थेत पास झालेला पंप रस्त्यावर कमी पडणार नाही.

नापास झाला तरी लगेच पंपाला दोष देऊ नका. आधी फिल्टर बदला. मग पंप चालू असताना त्याच्या पिनांवर मल्टीमीटर लावा. बॅटरीवर १२.४ आणि पंपावर ११ दिसले तर दुखणं तारेत आहे. वीस वर्षांचे कनेक्टर, काळी पडलेली अर्थिंग, बारीक मूळ तार. अशा वेळी बॅटरीजवळ फ्यूज घालून जाड तार मागे नेतात, आणि जुन्या तारेवर फक्त रिलेची कॉइल चालवतात. अपघातात किंवा इंजिन बंद पडल्यावर ईसीयू पंप बंद करतो, ती सोय या जोडणीत शाबूत राहिलीच पाहिजे. पंप थेट इग्निशनवर जोडून देणारे वायरमन भेटतात. त्यांना करू देऊ नका.

प्रत्यक्ष काम

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते, पसरते, आणि उणे चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणून बेसमेंट पार्किंग नाही, सर्व्हिसिंगचा खड्डा नाही, शेजारी पाणी तापवायचा बंब किंवा देवघरातला दिवा नाही. मोकळी जागा, ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी, आणि एक माणूस सोबत. मोबाइल लांब ठेवलेला बरा, कारण अशा वेळी लक्ष फक्त हातात हवं.

पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करायचं, ते आपोआप बंद पडेल. मग थोडं क्रँक करायचं, रेलमधलं प्रेशर उतरतं. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढायची. तरीही नळी सोडताना भोवती फडकं गुंडाळा, थोडं पेट्रोल उडतंच.

ऑक्टावियात पंपाचं झाकण मागच्या सीटखाली असतं. टाकी पावभर असताना उघडा. वर साठलेली धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने आधीच साफ करा, नाहीतर ती सगळी टाकीत जाते. व्हॅक्यूम चालवायचा तो टाकी बंद असतानाच, ती उघडल्यावर मुळीच नाही. मोठी गोल लॉक रिंग सोडण्याआधी मार्करने खूण करा, कारण पंपाचा साचा फिरून बसला तर फ्लोट अडकतो आणि काटा खोटं बोलतो. खालची रबरी सील नवीनच घाला. जुनी पेट्रोलमध्ये फुगते आणि परत खाचेत बसत नाही.

पंपाच्या साच्यातली नळी हा फार जणांचा घोटाळा आहे. पेट्रोलचा साधा होज आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही. टाकीत तो दोन्ही बाजूंनी बुडतो, काही महिन्यांत मऊ पडतो, फाटतो, आणि पंप आपलं पेट्रोल टाकीतच परत सोडत बसतो. टाकीत बुडवायला चालेल असा होज वेगळा मिळतो, त्यावर जे३०आर१० असं लिहिलेलं असतं. इंजिनाच्या बाजूला जे३०आर९ चालतो. ई२० मुळे जुन्या रबराचं आयुष्य आणखी कमी झालंय, तेव्हा हात घातलाच आहे तर सगळे रबरी तुकडे बदलून टाका. क्लॅम्पही गोल कडांचे, इंजेक्शन होजसाठीचे घ्या. साधा खाचांचा क्लॅम्प होज कापतो.

इंजेक्टर बदलणं त्यामानाने सोपं आहे. नवे ओ-रिंग, त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट, आणि रेल सरळ, एकसारखी दाबत बसवायची. एकही ओ-रिंग पिळली गेली तर गरम इंजिनावर पेट्रोल गळेल. मग बॅटरी जोडून इंजिन सुरू न करता तीन-चार वेळा चावी फिरवा, पंप दर वेळी दोन सेकंद गुणगुणेल. प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. एकही ओला निघाला तर तिथेच थांबा.

ईसीयूला सांगितल्याशिवाय काही झालेलं नाही

इंजेक्टर किती मोठा आहे हे ईसीयूला दिसत नाही. तो फक्त किती मिलिसेकंद उघडायचं तेवढंच ठरवतो. ६५०० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र साडेअठरा मिलिसेकंदांत होतं, त्यात ८० टक्के म्हणजे पंधराच्या जरा आत. आयडलवर मात्र काम दोन-तीन मिलिसेकंदांचं. त्यातही साधारण एक मिलिसेकंद इंजेक्टरची सुई उचलण्यातच जातो. त्याला डेड टाइम म्हणतात, आणि व्होल्टेज पडलं की तो वाढतो. ३१५ च्या जागी ५५० सीसीचा इंजेक्टर घातला की आयडलची वेळ आणखी आखडते आणि डेड टाइमची छोटी चूकही मोठी होते. गाडी आयडलला डुलते, एसी लावला की बंद पडते. म्हणून डेड टाइमचा तक्ता सोबत देणाऱ्याकडूनच इंजेक्टर घ्या. बिनआकड्यांचे स्वस्त इंजेक्टर महागात पडतात.

ऑक्टाविया आरएसच्या बॉश एमई७.५ ईसीयूत हे दोन आकडे केआरकेटीई आणि टीव्हीयूबी या नावांनी असतात. पहिला इंजेक्टरच्या आकाराचा, दुसरा व्होल्टेजनुसार डेड टाइमचा. तुमच्या ट्यूनरला या दोघांबद्दल विचारा. त्याने नीट समजावलं तर माणूस कामाचा. मॅप न बदलता मोठे इंजेक्टर घालून "नंतर ट्यून करू" म्हणत गाडी चालवू नका. ५५० सीसी म्हणजे पाऊण पट जादा पेट्रोल, ईसीयूच्या भरपाईच्या मर्यादेबाहेर. ते सिलिंडरवरचं ऑइल धुतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतं.

सगळ्याच्या आधी, अगदी पहिला रुपया खर्च करायचा तो वाइडबँड सेन्सरवर. कंपनीचा जुन्या पद्धतीचा ऑक्सिजन सेन्सर फक्त "पेट्रोल जास्त" किंवा "कमी" एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. वाइडबँड आकडा देतो. तो आकडा लॅम्डामध्ये, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे त्या मापात, वाचायची सवय लावा. १ म्हणजे समतोल, पूर्ण बूस्टवर ०.७८ ते ०.८३. गेजवर १४.७ दिसतं तेव्हा त्याने प्रत्यक्षात लॅम्डाला १४.७ ने गुणलेलं असतं, टाकीत ई२० आहे हे त्याला माहीत नसतं. लॅम्डा मात्र इंधन कुठलंही असो, तोच अर्थ सांगतो.

पहिली चाचणी तिसऱ्या गिअरमध्ये, कमी बूस्टवर, शेजारी बसलेला माणूस लॅपटॉपवर नोंद घेत असताना. लॅम्डा, रेलचं प्रेशर आणि बूस्ट तिन्ही एकत्र. बूस्ट चढताना प्रेशर तेवढंच चढत नसेल, किंवा वरच्या आरपीएमला लॅम्डा ०.८८, ०.९० असा सरकायला लागला, तर तिथेच पाय काढायचा. व्हीसीडीएस, म्हणजे लॅपटॉपवरून ईसीयू वाचायचं सॉफ्टवेअर, असेल तर दोन दिवसांच्या चालवण्यानंतर ब्लॉक ०३२ बघा. ईसीयूने स्वतः किती भरपाई केली ते तिथे टक्क्यांत दिसतं. पाच टक्क्यांच्या आत असेल तर मॅप जमला म्हणायचं.

हे रस्त्यावर चालतं का, तर कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. कलम १८२ए खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्याचा दावाही अडतो. झिजलेल्या पंपाच्या जागी तसाच नवा घालणं ही दुरुस्ती, २४० एचपीची गाडी करणं हा फेरफार. अशी गाडी ट्रॅकवर किंवा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग स्पर्धांसारख्या ठिकाणी न्यायची, तीही ट्रेलरवर, असं धरूनच मी हे सगळं लिहिलंय. प्रेशर, नळ्या आणि पंप तपासण्याचा भाग मात्र रोजच्या वापरातल्या प्रत्येक जुन्या टर्बो गाडीला तितकाच लागू आहे.

काम झाल्यावर पहिल्यांदा टाकी गळ्यापर्यंत भराल, तेव्हा घरी येऊन मागचं सीट उचला. लॉक रिंगची सील कमी पेट्रोलवर गळत नाही, भरलेल्या टाकीवर आणि वळणांवरच गळते. रिंगभोवती बोट फिरवा. कोरडं निघालं तर झाकण लावून टाका, ओलं निघालं तर त्या रात्री गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवू नका.